२०४० च्या नोकऱ्या की या शनिवारचं काम? आठवी-नववीच्या तंत्रज्ञान वर्गाचा आराखडा (बडोदा)

दांडियाबाजार
नमस्कार मंडळी. जूनच्या दुसऱ्या शनिवारपासून आठवी-नववीच्या मुलांसाठी दर आठवड्याला दोन तास, अशी १२ सत्रं घ्यायची आहेत. मुलं २०, खोली एक, लॅपटॉप ६, प्रोजेक्टर आहे. निम्मी मुलं गुजराती माध्यमाची, निम्मी इंग्रजी. घरी सगळी मराठी बोलतात.

पहिला आराखडा असा झालाय: एआयनंतरचं जग २ सत्रं, क्वांटम १, रोबो १, "२०४० मधल्या नोकऱ्या" १ आणि उरलेली ७ पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा). पालकांना तो आवडला. शिकवणाऱ्या चौघांना मात्र वाटतंय की पहिली पाच सत्रं मुलं नुसती बसून ऐकतील. त्याऐवजी घरात, सोसायटीत आज उपयोगी पडेल असं काय करून घेता येईल? साहित्य, वेळ आणि कुठे फसतं ते नेमकं सांगा. "प्रात्यक्षिक घ्या" एवढंच नको.

ओहमचा_नियम
ती पाच सत्रं काढून टाका. २०४० बद्दलचं वाक्य खरं की खोटं हे मुलाला आज तपासता येत नाही. जे तपासता येत नाही त्यात चूकही सापडत नाही, आणि चूक सापडल्याशिवाय हातात काही येत नाही.

ॲडोबी फ्लॅश (वेबपानांवर हलती चित्रं दाखवायचं सॉफ्टवेअर) किती वर्षं "भविष्याचं कौशल्य" म्हणून क्लासमध्ये शिकवलं गेलं. ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार संपला आणि ब्राउझरमधून ते निघून गेलं. ओहमचा नियम १८२७ चा आहे, कॉडचं तक्त्यांचं प्रतिमान (संगणकात माहिती तक्त्यांत साठवायची पद्धत) १९७० चं. दोन्ही आज सकाळी वापरात आहेत. काय टिकेल ते कुणी आधी ओळखलं असेल-नसेल, रोजच्या कामाला येत राहिलं म्हणून ते टिकलं.

पहिलं सत्र घरच्या वीजमीटरवर घ्या. खर्च शून्य.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी छापलेलं असतं की एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार. बऱ्याच मीटरवर ३२०० असतं, काहींवर १६०० किंवा आणखी वेगळा आकडा. ज्यानं त्यानं आपल्या मीटरवरचा वाचायचा, पाठ केलेला वापरायचा नाही. घरातलं सगळं बंद करायचं, एकच उपकरण चालू ठेवायचं आणि १० लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजायचं.

३२०० च्या मीटरवर १० लुकलुकींना ६० सेकंद लागले तर एका तासात ६००. ६०० भागिले ३२०० म्हणजे ०.१८७५ युनिट. उपकरण साधारण १८७ वॉट घेतंय.

फसतं कुठे? एक, "सगळं बंद" खरंच बंद नसतं. वायफायचा राउटर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, चार्जिंगला लागलेला इन्व्हर्टर राहून जातो. म्हणून आधी काहीच चालू नसताना पाच मिनिटं मोजायचं आणि तो आकडा वजा करायचा. दोन, फ्रिजचा कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो, त्यामुळे एका मिनिटाचा आकडा निरर्थक. फ्रिजला निदान दोन तास द्यावे लागतात. तिथे लुकलुकी न मोजता मीटरच्या दोन नोंदींमधला फरक घ्यायचा. तीन, पहिली लुकलुक दिसली की "एक" म्हणायचं नाही, "शून्य" म्हणायचं. ही चूक निम्मी मुलं करतात आणि दहाच्या जागी नऊच अंतरं मोजतात.

आपल्याकडे बिल दोन महिन्यांनी येतं. म्हणून घरी तक्ता करायला लावा: रोज रात्री ९ ला एक नोंद, सात दिवस. स्प्रेडशीट शिकवायला याहून चांगलं निमित्त नाही, कारण आकडे त्यांचे स्वतःचे असतात आणि चुकीचा आकडा तक्त्यात उडी मारलेला दिसतो.

टाकीवाला
दुसरं काम: गच्चीवरच्या टाकीचा पातळीदर्शक. दोन सत्रं लागतील. पाच गट धरा, प्रत्येकात चार मुलं.

एका गटाचं साहित्य: बीसी५४७ ट्रान्झिस्टर ४ (थोड्या प्रवाहानं चालू होणारा छोटा स्विच; पाय तीन: बेस, एमिटर, कलेक्टर), लाल एलईडी ४, ३३० ओहमचे रोध (रेझिस्टर) ४, १० किलोओहमचे ४, पेन्सिल सेल ४ आणि त्यांचा होल्डर (एकूण ६ व्होल्ट), ब्रेडबोर्ड १ (डाग न देता भाग खोचून जोडायची पाटी), पाच तारांची ३ मीटर केबल, एक उभी बादली.

जोडणी: धन तार बादलीच्या तळाशी. बाकीच्या चार तारा पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण पातळीला. प्रत्येक तार १० किलोओहममधून आपापल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला. एमिटर ऋणाला. एलईडी आणि ३३० ओहम धनापासून कलेक्टरपर्यंत. पाणी तारेला टेकलं की बेसमधून थोडा प्रवाह जातो आणि दिवा लागतो.

एलईडीचं गणित मुलांकडूनच करून घ्या: ६ वजा एलईडी खाते ते २ म्हणजे ४ व्होल्ट, भागिले ३३०, साधारण १२ मिलिअँपिअर. एखाद्या गटाला मुद्दाम ३.३ किलोओहमचा रोध द्या. दिवा मंद का, हे त्यांना रोधावरच्या पट्ट्यांच्या रंगांवरून शोधू द्या.

बीसी५४७ चपटी बाजू आपल्याकडे, पाय खाली धरला की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानदारानं दुसऱ्या नंबरचा दिला तर क्रम वेगळा असू शकतो. लांब ब्रेडबोर्डवरच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या बऱ्याचदा मध्ये तुटलेल्या असतात. अर्धी सर्किटं चालत नाहीत ती तेवढ्यानंच.

कारेलीबागकर
टाकीवाले, सर्किट बरोबर आहे, पण असंच टाकीवर बसवू नका. दोन गोष्टी राहिल्या.

तांब्याच्या उघड्या तारा पाण्यात ठेवून सतत एकाच दिशेचा प्रवाह दिला की धन टोक झिजतं. काही दिवसांत हिरवट थर येतो आणि ते तांबं पाण्यात उतरतं. ते पाणी घरात वापरलं जातं. टोकांना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावा आणि सेलच्या वाटेत एक दाबायचं बटण टाका. पातळी बघायची तेव्हा दोन सेकंद दाबायचं, एरवी प्रवाह बंद. सेलही महिनोन् महिने पुरतील.

दुसरं, प्रत्येक बेसपासून ऋणाला १०० किलोओहमचा एक रोध हवा. तो नसेल तर लांब केबल घरातल्या विजेचा गुणगुणाट पकडते आणि कोरड्या टाकीतही दिवा मंद पेटतो. त्यानं संवेदनशीलता फार जात नाही. पाण्याचा रोध १०० किलोओहम धरला तरी बेसकडे सुमारे ४८ मायक्रोअँपिअर येतात, त्यातले ७ हा रोध खातो. ट्रान्झिस्टरचा गेन (बेसचा प्रवाह तो कितीपट करतो) २०० धरला तर दिव्याला ८ मिलिअँपिअर उरतात, पुष्कळ झाले.

आणि चारही स्क्रू एकाच पाइपवर ओळीनं लावू नका. पाणी उतरलं तरी पाइपवर ओला थर राहतो आणि वरचा दिवा विझत नाही.

टाकीवाला
मान्य. बटण आणि १०० किलोओहम, दोन्ही यादीत घालतो. मुलांना मात्र तांब्याच्या तारेचा हिरवा थर दाखवायला हवा. एक ग्लास पाणी, दोन तारा, ६ व्होल्ट, आठवडाभर खिडकीत ठेवा. ग्लासवर "पिऊ नये" अशी चिठ्ठी लावा आणि शेवटी पाणी टाकून द्या.

नवी_दिशा
मी पालक म्हणून विचारते. हे सगळं छान आहे, पण ट्रान्झिस्टर आणि वीजमीटर आमच्या पिढीतही होते. बाहेर एआयचे वर्ग भरलेत. आपली मुलं मागे पडणार नाहीत का? टाकीचंच करायचं तर निदान सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम भरता येणारी चिप) तरी घ्या.

ओहमचा_नियम
ताई, शंका रास्त आहे. मायक्रोकंट्रोलर जरूर घ्या, पण ट्रान्झिस्टरच्या टाकीनंतर, म्हणजे दोन्हींची तुलना करता येते.

ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर आणि एचसी-एसआर०४ हा ध्वनिलहरींचा सेन्सर (प्रतिध्वनीला लागलेल्या वेळावरून अंतर काढणारा) घेतला तर तीन ठिकाणी फसगत होते. सेन्सरचा प्रतिध्वनीचा पाय ५ व्होल्ट देतो आणि ईएसपी३२ ला ३.३ च्या वर चालत नाही. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या रोधांनी व्होल्टेजची विभागणी करा, २ वाला ऋणाकडे, म्हणजे ३.३ मिळतात. दुसरं, टाकीच्या झाकणाखाली वाफ धरते आणि उघडा सेन्सर थोड्या दिवसांत गंजतो. जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक येतो, पण साधारण २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं त्याला मोजता येत नाही. टाकी काठोकाठ भरत असेल तर सेन्सर तितका उंच बसवावा लागतो.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत शिकण्यासारखी. इंटरनेटवरच्या तयार प्रोग्रॅममध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर लिहिलेला असतो. तो २० अंश तापमानाचा आहे. तापलेल्या गच्चीवर टाकीतली हवा ४५ अंशांना गेली तर वेग साधारण ३५९ होतो. मग १ मीटर अंतर ९५-९६ सेंटिमीटर दिसतं, म्हणजे दुपारी टाकी आपोआप चार सेंटिमीटर "भरते". मुलांना तोच प्रोग्रॅम द्या, सकाळी ७ आणि दुपारी ३ ला मोजायला लावा आणि फरक कशामुळे ते त्यांनाच विचारा. दुसऱ्या गावाचा आकडा आपल्या गच्चीवर का चालत नाही हे ज्या मुलाला कळलं, ते पुढे येणारं कुठलंही यंत्र तपासूनच घेईल.

सुरसागर
एआयचं एक सत्र ठेवाच, फक्त ते "एआयनंतरचं जग" नको. गूगलचं टीचेबल मशीन (फोटो दाखवून यंत्राला ओळखायला शिकवायचं साधन) ब्राउझरमध्ये चालतं, काही बसवावं लागत नाही. घराघरात ओला-सुका कचरा वेगळा करायचा असतो, तोच विषय घ्या.

फोटोंचे दोन वर्ग (गट): ओला, सुका. प्रत्येकाचे ५० फोटो. पहिल्या फेरीत मुद्दाम सगळा ओला कचरा स्टीलच्या ताटात आणि सुका वर्तमानपत्रावर ठेवून फोटो काढायला सांगा. शिकवून झालं की केळ्याची साल वर्तमानपत्रावर ठेवा. यंत्र बहुधा "सुका" म्हणेल, कारण त्यानं ताट आणि कागद शिकलेत, साल नाही. दुसऱ्या फेरीत दोन्ही वर्गांना तीच तीन पार्श्वभूमी द्या, उजेड बदला, ओली प्लास्टिकची पिशवी आणि वाळलेला पाला असे अडचणीचे नमुने घाला. शिकवताना न वापरलेल्या २० फोटोंवर तपासा आणि किती बरोबर आले ते फळ्यावर लिहा. दोन तासांत बसतं. माणसांचे चेहरे वर्ग म्हणून घ्यायचे नाहीत, हे आधीच सांगून ठेवा.

नवी_दिशा ताई, एआयवर तीन तास व्याख्यान ऐकलेलं मूल आणि हे एकदा करून बघितलेलं मूल, यांच्या प्रश्नांत फरक दिसेल. दुसरं मूल विचारतं, "याला काय दाखवून शिकवलंय?"

मांडवीदरवाजा
थोडं विषयांतर, पण याच गावाचं आहे म्हणून. सयाजीरावांच्या काळात १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाताखाली कलाभवन सुरू झालं. तिथे रंगरसायन होतं, यंत्रकाम होतं, चित्रकला होती, आणि शिक्षण आपल्या भाषेतून देण्याचा आग्रह होता. दादासाहेब फाळके इथे शिकले तेव्हा भारतीय चित्रपट नावाची गोष्टच नव्हती, त्यामुळे ती कुणी शिकवणं शक्यच नव्हतं. मिळाली ती छायाचित्रणाची आणि चित्रकलेची हाताची तयारी. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची आजची तंत्रज्ञान विद्याशाखा त्याच कलाभवनाच्या परंपरेत येते. मुलांना एकदा ती इमारत बाहेरून दाखवा, जवळच तर आहे.

शेवटची_ओळ
मराठी टंकलेखनाचं अर्ध सत्र मागतो. घरी मराठी बोलणारी आणि शाळेत मराठी नसलेली मुलं आहेत, त्यांना रोमनची सवय लागलीय.

काम असं द्या: आपल्या मंडळाचा एखादा जुना अहवाल, जो युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) आधीच्या फाँटमध्ये टाइप झालाय, तो युनिकोडमध्ये आणायचा. फाँट बदलला की सगळा मजकूर रोमन कचऱ्यासारखा का दिसतो? कारण त्या फाँटांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी चित्रं बसवली होती. परिवर्तक (जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम) वापरला की सगळ्यांत जास्त चुका पहिल्या वेलांटीच्या: जुन्या फाँटात ती व्यंजनाआधी टाइप होते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवली जाते. जोडाक्षर असलं की ती हमखास भलत्या अक्षरावर जाते. मग "सुऱ्या", "वाऱ्या" मधला अर्धा र: त्यासाठी र ऐवजी नुक्त्याचा ऱ, त्याला हलन्त आणि मग य. र वापरला तर "सुर्या" असा रफार होतो, म्हणजे सुऱ्यांचा अर्थच जातो. एका पानाला दोन मुलं: एक वाचणार, एक दुरुस्त करणार. दोन तासांत चार पानं होतात, आणि ती मंडळाच्या खऱ्या उपयोगाची असतात.

ताळा
एक सत्र घरच्यांच्या मोबाइलवर घ्या. मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांबरोबर बसून करायचं. कागदावर पाच कामं: व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणीचा सहा आकडी पिन, ईमेल खात्याला दुहेरी पडताळणी, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर आजही चालू आहे का, स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारी ॲप असतील तर काढणं, आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा मदतक्रमांक संपर्कयादीत जतन करणं.

यातलं तिसरं सगळे वगळतात आणि तेच महागात पडतं. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. खात्याला तोच जोडलेला राहिला तर पडताळणीचा संदेश परक्याच्या हातात.

यूपीआयबद्दल एकच वाक्य पाठ करून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. फसवणूक झालीच तर १९३० ला फोन लगेच, त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर आले. त्यामुळे "आधी घरी विचारू" असं मुलांना शिकवू नका, आधी फोन.

पिन मुलानं टाइप करायचा नाही, ज्याचा फोन त्यानंच. हे पालकांना लेखी कळवा.

नवी_दिशा
हे पटलं. पण अंदाज मुळीच शिकवायचा नाही का? हवामान, पूर, हे अंदाजावरच चालतं.

कारेलीबागकर
शिकवायचा, पण "अमुक आकडा आला की अमुक काम" असं जोडून. वर्ग पावसाळ्यातच आहे, तर विश्वामित्री नदीवर एक सत्र करा.

काळा घोडा पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट धरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. नदीची आणि आजवा जलाशयाची पातळी पावसाळ्यात जाहीर होत असते. मुलांनी ती रोज दोन वेळा तक्त्यात भरायची आणि आलेख काढायचा. नदीवर जाऊन मोजायचं नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुरात त्या वस्तीत येतात, तेव्हा ही सूचना पहिल्याच मिनिटाला द्या.

मुलं आलेखावर सरळ रेघ ओढतील: तीन तासांत दीड फूट, म्हणजे सहा तासांत तीन. रेघ चुकते, कारण वरच्या भागात पाऊस वाढला किंवा आजव्यातून पाणी सोडलं की चढ बदलतो, आणि पाणी काठाबाहेर पसरलं की पातळी तेवढ्याच पाण्याला कमी चढते. शिवाय सखल भागात ते काठावरून यायच्या आधी गटारातून उलटं येऊ शकतं. म्हणून रेघेवर विसंबायचं नाही, पायऱ्या ठरवायच्या. उदाहरणार्थ, १८ फूट: मोबाइल आणि पॉवरबँक भरून ठेवणं, पिण्याचं पाणी भरणं. २२: कागदपत्रं आणि औषधं वरच्या फळीवर, दुचाकी उंचावर. २५: तळमजल्याचा मेन स्विच बंद, मोठ्या माणसानं, कोरड्या जमिनीवर उभं राहून. पाणी मीटरपाशी आलं असेल तर हातच लावायचा नाही. हे आकडे प्रत्येक सोसायटीचे वेगळे, जमिनीच्या उंचीप्रमाणे मोठ्यांना विचारून ठरवायचे.

इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर भरते. पाणी आल्यावर ती कुणी उचलत नाही. तिच्यासाठी तीन फुटी लोखंडी घोडी जूनमध्येच करून घ्यायची. कुणाच्या घरी बॅटरी जमिनीवर आहे, याची यादी मुलं एका संध्याकाळी करू शकतात.

दांडियाबाजार
सगळ्यांचे आभार. नवा क्रम असा ठरवतोय:
मीटर १, तक्ता १, विश्वामित्री १ (पावसाचा जोर वाढायच्या आत हवं म्हणून आधी घेतलं), बादलीची टाकी २, मोबाइल सुरक्षा १, मराठी टंकलेखन अर्धं, ओला-सुका १, पायथन २, ईएसपी३२ ची टाकी २. उरलेलं अर्धं सत्र राहिलेल्या कामाला.
पायथन सातावरून दोनावर आलं, कारण ते आता मीटरच्या आणि नदीच्या आकड्यांवरच चालवायचं. नोकऱ्यांचं सत्र काढलं.

मल्टिमीटर पाच घ्यायचे आहेत. स्वस्तातले चालतील का?

टाकीवाला
चालतील, कारण सगळं ६ व्होल्टच्या आत आहे. आल्याबरोबर एक काम करा: १० अँपिअरच्या भोकावर चिकटपट्टी लावून ते बंद करा. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बहुधा फ्यूज नसतो. मुलानं प्रवाह मोजून लाल तार तिथेच ठेवली आणि मग व्होल्टेज मोजायला गेलं की मीटर म्हणजे नुसती जोडतार होते. पेन्सिल सेलवर तार तापेल एवढंच, पण हेच कुणी घरी सॉकेटवर केलं तर भडका उडेल. त्यामुळे मीटर घरी न्यायला द्यायचे नाहीत, सत्र संपलं की मोजून पेटीत. मीटरमधल्या ९ व्होल्टच्या सेलचे दोन जास्तीचे घ्या. सेल उतरला की असे मीटर चुकीचे, वाढीव आकडे दाखवतात आणि मुलं तासभर सर्किटमध्ये चूक शोधत बसतात. दर शनिवारी सुरुवातीला पाचही मीटरांनी एकच नवा पेन्सिल सेल मोजा. पाचही आकडे १.५ ते १.६ च्या मध्ये आले पाहिजेत. जो वेगळा येईल त्याचा सेल आधी बदला.